चुन्याचा हिशेब

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्या द्राक्षबागेला कोवळी फूट निघाली आणि आभाळ भरून आले. केवड्याच्या धास्तीने ह्यांनी बोर्डो मिश्रण करायला घेतले. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना, हे आमचे नेहमीचे माप. पण चुना थोडाच उरलेला, तोही पावसाळाभर उघड्या पोत्यात राहून पिठासारखा झालेला. "औषध तर मोरचुदात आहे, चुन्याचे काय एवढे!" असे म्हणून ह्यांनी दर ड्रमला अर्ध्या मापावर भागवले. निम्मी बाग फवारून झाली.

तिसऱ्या दिवशी फवारलेली पाने कडेने करपली. घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. यंदा पैसे येणार नाहीत, तेव्हा नववीतल्या थोरलीची शाळा बंद करावी, असेही बोलणे निघाले.

त्या रात्री ती पोर वही घेऊन चुलीपाशी आली. म्हणाली, "आई, आमच्या पुस्तकात हेच आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. तो पाण्यात विरघळला की तांबे मोकळे होते आणि कोवळ्या पानाला पोळते. चुन्यातल्या हायड्रॉक्साइडशी त्याची जोडी जमली की ते विरघळत नाही. पानावर चिकटून राहते, थोडे थोडे सुटते आणि बुरशीला मारते. तांब्याच्या अणूला दोन हात, हायड्रॉक्साइडला एकच. म्हणून एका तांब्याला दोन हायड्रॉक्साइड लागतात. समीकरणात डावीकडे जेवढे अणू, तेवढेच उजवीकडे यायला हवेत."

तिने वजनाचा हिशेबही मांडला. एक किलो मोरचुदाला शुद्ध कळीचा चुना सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पुरतो. हे लगेच म्हणाले, "मग अर्धा किलो पुरायलाच हवा होता!"

"शुद्ध असता तर, दादा. उघडा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड धरतो आणि त्याची चुनखडी होते. आपण वजन केले, पण त्यात चुना किती होता?"

हे काही बोलले नाहीत. उठून त्यांनी विळा घासून लख्ख केला आणि ड्रमात उरलेल्या मिश्रणात थोडा वेळ धरला. पात्यावर तांबूस थर चढला. मोकळे तांबे लोखंडावर बसले होते.

सकाळी ताजा चुना आणला. आता आम्ही मोरचूद आणि चुना प्लॅस्टिकच्या वेगळ्या भांड्यांत कालवतो, दोन्ही एकदम तिसऱ्यात ओतून ढवळतो. विळा तांबूस झाला तर चुन्याची निवळी वाढवतो. केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवतो.

फ्रान्समध्ये बोर्डोच्या परिसरात चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांनी पाहिले, की त्याच वेली केवड्यातून वाचल्या आहेत. १८८५ साली त्यांनी ही कृती जाहीर केली. हेही थोरलीनेच सांगितले.

करपलेली बाग त्या वर्षी भरून आली नाही. मात्र तिच्या शाळेचा विषय पुन्हा निघाला नाही. आता फवारणीच्या दिवशी हे विळा घासतात आणि आधी तिला हाक मारतात.