चालू लाइनवरचा बदल

पोस्टग्रेस या डेटाबेसचा सोर्स कोड कोणालाही फुकट उतरवून घेता येतो. त्यावर काम करणारे अभियंते पुण्यातही आहेत. पण कोड हातात आला म्हणजे डेटाबेस चालू झाला असं नाही. सी भाषेतल्या शेकडो फाइली कोणत्या क्रमाने कंपाइल करायच्या, कशाला काय जोडायचं, समोरच्या मशीनवर कोणतं फंक्शन आहे आणि कोणतं नाही, हे सगळं बिल्ड सिस्टिम ठरवते. ती बदलली तरी वापरणाऱ्याला काडीचा फरक दिसत नाही, एकही नवी सोय मिळत नाही. म्हणून हे काम वर्षानुवर्षं मागे पडतं, आणि म्हणूनच ते अंगावर घेणाऱ्यांचं कौतुक व्हायला हवं.

‘मेक’ हे बिल्डचं जुनं साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. तिथे स्पेस पडली की बिल्ड अडलाच, आणि कितीही निरखून पाहिलं तरी चूक डोळ्यांना दिसत नाही. पोस्टग्रेसचा सगळा डोलारा मेक आणि ऑटोकॉन्फवर उभा होता. विंडोजच्या व्हिज्युअल स्टुडिओसाठी पर्लच्या वेगळ्या स्क्रिप्ट होत्या आणि त्या मेकफाइलींचा मजकूर वाचून आपला अंदाज बांधत. लिनक्सवर एखाद्याने नवी फाइल घातली की तिकडे विंडोजचा बिल्ड मोडायचा.

पोस्टग्रेसचे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मेसन’कडे जाण्याचं काम हाती घेतलं. मेसन हे फिनलंडच्या युस्सी पाक्कानेन यांचं साधन. सप्टेंबर 2022 मध्ये मेसनचा बिल्ड पोस्टग्रेसच्या मूळ कोडमध्ये आला आणि सप्टेंबर 2023 च्या 16 व्या आवृत्तीतून लोकांच्या हाती पडला.

नव्या फाइली लिहिणं त्यातल्या त्यात सोपं. खरा वेळ जातो तो जुन्या वाचण्यात. ऑटोकॉन्फची कॉन्फिगर स्क्रिप्ट मशीनला शेकडो प्रश्न विचारते, आणि त्यातला प्रत्येक प्रश्न कधीतरी कोणालातरी आलेल्या अडचणीतून जन्मलेला असतो. ते मशीन भंगारात गेलं तरी प्रश्न तसाच राहतो. त्यातला कोणता मेला आणि कोणता अजून जिवंत आहे, हे ठरवायला धीर लागतो. पोस्टग्रेसच्या 16 व्या आवृत्तीत एचपी-यूएक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा आधारही काढून टाकला गेला. अशी साफसफाई आधी झाली नाही, तर जुना कचरा नव्या भाषेत उतरवून काढण्यात उमेद खर्ची पडते.

काही खड्डे तर चाचण्यांनाही सापडत नाहीत. मेसन मुळात ऑप्टिमायझेशनशिवाय कंपाइल करतं. तेवढं लक्षात राहिलं नाही, तर सगळ्या चाचण्या पास होतात आणि डेटाबेस मात्र रडतखडत चालतो. पोस्टग्रेसने ते मूळ सेटिंग बदलून घेतलं आहे.

कर्जत किंवा खोपोलीत घरी बसून असं काम करणाऱ्याला काम न थांबवता केलेल्या अशा बदलाचा नमुना रेल्वे स्टेशनवरच पाहायला मिळाला. इथली ओव्हरहेड वायर पूर्वी 1,500 व्होल्ट डीसीची होती. ती 25,000 व्होल्ट एसी झाली. एवढा बदल करायचा म्हणून रेल्वेला पुण्याच्या गाड्या बंद ठेवता येणार नव्हत्या. दोन्ही प्रकारच्या विजेवर धावणारी डब्ल्यूसीएएम-3 सारखी इंजिनं त्या काळात जुना आणि नवा भाग जोडत राहिली. पोस्टग्रेसनेही तेच केलं. 16 व्या आवृत्तीत मेसन आलं, तरी मेक तिथेच राहिलं. विंडोजच्या पर्ल स्क्रिप्ट 17 व्या आवृत्तीत गेल्या, मेक अजून आहे. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिण्याचा जाच आहेच, पण मधल्या काळात कोणाचंही काम अडलं नाही, आणि एवढ्या मोठ्या प्रकल्पात हाच मार्ग योग्य.

सगळ्यांना एवढी सवड मिळत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या पायथन 3.12 मधून ‘डिस्ट्युटिल्स’ हे बिल्डचं साधन काढून टाकलं, त्यामुळे नमपाय या पायथनच्या लायब्ररीला 1.26 व्या आवृत्तीत मेसनकडे जावंच लागलं. तिची सोबतीण सायपाय लायब्ररी आदल्याच वर्षी गेली होती, त्यामुळे वाट थोडी मळलेली होती.

मार्च 2024 मध्ये याच फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. शोध घेता घेता ते एक्सझेड या लहानशा लायब्ररीतल्या चोरवाटेपर्यंत (बॅकडोअर) पोचले. ती वाट उघडणारी ओळ बिल्डच्या एका एम4 फाइलीत लपवली होती. ही ओळ रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटपाच्या गठ्ठ्यात होती, सगळ्यांना दिसणाऱ्या गिटमध्ये नव्हती. बिल्डच्या फाइली सहसा कोणी वाचत नाही, हे लपवणाऱ्याने हेरलं असावं.

पोस्टग्रेसच्या 17 व्या आवृत्तीपासून टारबॉल थेट गिटमधूनच तयार होतो. आधीच बनवून ठेवलेल्या फाइली त्यात नसतात. त्यामुळे कर्जतच्या एखाद्या विद्यार्थ्याला त्यातून डेटाबेस बांधायचा असेल, तर बायसन, फ्लेक्स आणि पर्ल आधी बसवावे लागतील. मग सर्वांत वरच्या फोल्डरमधली मेसनची फाइल उघडून वाचायला घ्यावी. ती लांब आहे, पण माणसाला वाचता येते.