मशेरीचा रकाना

विम्याच्या प्रस्ताव अर्जात एक प्रश्न असतो: तंबाखूचं सेवन करता का, कोणत्याही स्वरूपात? इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत तो विचारला की पुरुष हसतात आणि बायका "छे" म्हणतात. बायकांचं "छे" खोटं नसतं. त्यांच्या लेखी मशेरी म्हणजे तंबाखू नव्हेच, ती दात घासायची वस्तू. म्हणून मी विचारतो, "वहिनी, सकाळी दात कशानं घासता?" उत्तर आलं की रकान्यात "होय" लिहितो. हप्ता वाढतो. कधी गिऱ्हाईक जातं. दुसरा एजंट "नाही" लिहून तीच पॉलिसी स्वस्तात देतो आणि चौकात माझी चेष्टाही करतो.

करू दे. आमच्या धंद्यात पैसे भरणारा एक आणि माल हातात पडणारा दुसराच. सही करणारा क्लेमच्या दिवशी नसतो. त्या दिवशी कागद धरून उभी असते ती आज चहा देऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबलेली बाई. म्हणून मी तिला बाहेर बसायला सांगतो. नवऱ्याला ते बहुधा आवडत नाही. "तिला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणतात. कळेल असं सांगणं हेच तर माझं काम.

मधुमेहाच्या रकान्यापाशी सगळ्यात जास्त घासाघीस होते. "अहो, गोळीनं कंट्रोलमध्ये आहे, कशाला लिहिता?" त्यावर आमच्यातल्या पुष्कळांचं ठरलेलं उत्तर असतं: तीन वर्षं गेली की कंपनी काही करू शकत नाही. हे पूर्ण खोटं नाही, म्हणूनच जास्त घातक. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे 3 वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, हे खरं. पण ती 3 वर्षं जगायची हमी कोणी दिली? त्या मुदतीतल्या मृत्यूला आम्ही "अर्ली क्लेम" म्हणतो. त्याची चौकशी कसून होते. दवाखान्याचे जुने केसपेपर निघतात, औषधांची बिलं निघतात. लपवलेली साखर तिथं सापडते, आणि दावा नाकारल्याचं पत्र त्या बाईच्या नावानं येतं.

कमिशनचंही लपवू नये. कोणी विचारलं की मी सांगतो. बचतीच्या पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त एजंटला मिळतो. टर्म विम्यात हप्ताच लहान, त्यामुळे मिळकतही लहान. एजंट बचतीची पॉलिसी का पुढे करतो, ते यावरून समजावं. वर्षाला 50 हजार भरून 20 वर्षांच्या बचतीच्या पॉलिसीत साधारण 10 लाखांचं संरक्षण मिळतं; तिशीतल्या निर्व्यसनी माणसाला त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत टर्ममध्ये 1 कोटीचं मिळू शकतं. मात्र जगलात तर साध्या टर्ममध्ये एक पैसा परत नाही, हे वाक्य मी आधी बोलतो. काही जण त्यावरच उठतात. काही जण म्हणतात, "मग पहिला हप्ता तुम्हीच भरा." कमिशन वाटून गिऱ्हाईक ओढायला कलम 41 ची बंदी आहे, 10 लाखांपर्यंत दंड आहे, एवढं सांगून मी विषय संपवतो.

भीती घालून विकण्याचं मला कधी जमलं नाही. "उद्या तुम्हाला काही झालं तर" हे वाक्य तरुण पोरांना शिकवतात. लहान मुलांसमोर ते ऐकताना बापाचा चेहरा कसा होतो, ते एकदा नीट बघावं. मी हिशेब विचारतो. सुताच्या व्यापाऱ्याची उधारी किती, बँकेचं कर्ज किती, मुलगी कितवीत. कर्जबाजारी मागवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगतो: 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पॉलिसी घेतली, तर ती रक्कम बायकोमुलांची राहते, देणेकऱ्यांना सहसा तिच्यावर हात टाकता येत नाही. पण हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, आणि नंतर नवऱ्याला ते फिरवता येत नाही. ही अट ऐकून जो थोडा थबकतो आणि मग सही करतो, त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

माणूस गेल्यावर घरी जावं, पण फॉर्म घेऊन नाही. नुसतं बसावं. तेरावं झालं की कागद काढावेत, आणि लागणारे सगळे एकदाच सांगावेत; त्या घरातल्या पोराला महापालिकेच्या दाखल्यासाठी तीन खेपा घालायला लावणं हा निव्वळ आळस आहे. अडतं ते बहुतेक नावात. पॉलिसीवर माहेरचं, आधारवर सासरचं. हे लग्नानंतरच दुरुस्त करून ठेवलं असतं तर, असं तेव्हा म्हणण्यात अर्थ नसतो. हयातीत म्हणावं.

तुमच्या कपाटात पॉलिसी असेलच. तिला तुमच्या प्रस्ताव अर्जाची प्रत जोडलेली असते. ती काढा आणि घरच्यांना सोबत घेऊन वाचा: तंबाखू, साखर, रक्तदाब, वारसाचं नाव. पॉलिसी हातात येऊन 30 दिवस झाले नसतील, तर पटली नाही म्हणून परतही करता येते. जुनी असेल आणि उत्तर चुकीचं दिसलं, तर कंपनीला आजच लेखी कळवा. एजंट नको म्हणाला तरी कळवा.