सोळा नंबरचं बीळ

सोळा नंबर. तिला नाव म्हणून एवढंच. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यात नॉर्थ बंगुल्ला नावाचं राखीव रान आहे. पाऊस बेताचा, चहूकडे नांगरलेली शेतं, मधे शिल्लक राहिलेली झुडपं. १९७४ साली बार्बरा यॉर्क मेन या अभ्यासक बाईंनी तिथे कोळ्यांच्या इवल्या बिळांपाशी धातूच्या खुंट्या रोवायला सुरुवात केली. सोळाव्या खुंटीपाशी राहत होती गायस व्हिलोसस जातीची मादी, आईचं बीळ नुकतंच सोडून आलेली.

या मादीला बिऱ्हाड हलवणं ठाऊक नाही. बीळ एकदाच खणायचं, आतून रेशमाचं अस्तर लावायचं, तोंडावर माती-रेशमाचं झाकण बसवायचं आणि अंग वाढेल तसं तेच बीळ रुंदावत न्यायचं. दाराबाहेर काटक्या पंख्यासारख्या मांडलेल्या. मुंगीचा पाय काटकीला लागला, की आत वर्दी पोचते. नर वयात आला की मादी शोधायला बाहेर पडतो, तो पुन्हा घर करत नाही. मादी मात्र तिथंच. शिवाय दुसरीचं रिकामं बीळ या माद्या बळकावत नाहीत. म्हणून खुंटीपाशी दिसते ती तीच, हे छातीठोक सांगता येतं.

मला खरं अप्रूप आहे ते बाईंच्या येण्याचं. संशोधनाला पैसा मिळतो दोन-तीन वर्षांच्या हिशेबानं, आणि या दशकानुदशकं त्याच बिळांपुढे वाकत राहिल्या. त्यांचं बालपण याच पट्ट्यातल्या शेतावर गेलेलं. नांगर फिरला की असली मादी दुसरीकडे संसार थाटत नाही, पिल्लंही फार लांब जात नाहीत. तोडलेलं रान तिच्यापुरतं कायमचं जातं.

पुढे काम लिआंडा मेसन यांच्याकडे आलं. ३१ ऑक्टोबर २०१६ला त्यांना सोळा नंबरच्या झाकणाला भोक पडलेलं दिसलं. परजीवी गांधीलमाशीचं काम. वय ४३. आधीचा विक्रम मेक्सिकोतल्या एका टॅरांटुलाचा, २८ वर्षांचा. ‘जगातला सर्वांत म्हातारा कोळी गेला’ असे मथळे जगभर झळकले. मला ते जरा घाईचे वाटतात. खुंटी न रोवलेली बिळंही असतीलच की. त्यांतली एखादी पन्नाशीला टेकली असेल, तर वाढदिवस मोजायला होतं कोण?