भरवेलीचं मँगनीज, जपानचं आयर्न

भरवेलीला लहानपण गेलेल्या माणसाला मँगनीज म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मध्य प्रदेशातलं बालाघाट तिथून हाकेच्या अंतरावर. शेजारी पोवारी, शाळेत हिंदी, घरात मराठी, आणि सगळीकडे ती काळी धूळ. बाबा तिथल्या मँगनीजच्या खदानीत होते. १९६२ मध्ये तिचा कारभार इंग्रजांच्या कंपनीकडून ‘मॉईल’ या कंपनीकडे आला, मुख्यालय नागपूरला. हा दगड जातो कुठं, असं विचारलं की बाबा म्हणत, “भिलाईला जातो, थोडा जपानलाही जातो.” जपानचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं.

गोल्फ भेटला पुण्यात, नोकरीच्या काळात. एका जपानी वरिष्ठांनी येरवड्याच्या मैदानावर आपलं सात नंबरचं आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याची स्टिक, माझ्या हातात दिलं. चेंडू पात्याच्या बरोबर मधोमध लागला तेव्हा मनगटाला झटका बसला नाही, नुसता मऊ आवाज आला. तो आवाज मला हवाच होता.

मग अशा आयर्न्सबद्दल वाचत सुटलो. ह्योगो प्रांतात, हिमेजीच्या उत्तरेला इचिकावा नावाचं छोटं गाव आहे. ‘मिउरा’ या कंपनीची आयर्न्स तिथली. ओतीव आयर्न्सपेक्षा ही रीत वेगळी: मऊ पोलादाची कांडी लालभडक तापवून साच्यात घणाखाली दाबायची, मग हाताने घासून आकार द्यायचा. अशा कामाला जपानी कारखाने वापरतात त्या एस२५सी पोलादात कार्बन सुमारे पाव टक्का आणि मँगनीज ०.३ ते ०.६ टक्के. या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. पोलादातलं गंधक मँगनीज धरून ठेवतं. मँगनीज नसेल तर तापलेली कांडी घणाखाली तडकते. म्हणजे त्या मऊ आवाजाच्या मुळाशी बाबांचा दगडच होता. माझ्या आयर्नमधलं मँगनीज भरवेलीचंच, असं मी म्हणणार नाही. पण जपानहून मागवलेला माझा सेट घरी आला तेव्हा पहिल्यांदा बाबांच्या हातात दिला. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “घडाई चांगली आहे.” खदानीत आयुष्य काढलेल्या माणसाचं हे बोलणं मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठं वाटतं.

तुमचाही जपानहून असा सेट मागवायचा विचार असेल तर वापरलेला मागवा. जपानात जुन्या स्टिकची दुकानं प्रत्येक ओरखड्याचा फोटो दाखवतात. बरेच विक्रेते देशाबाहेर पाठवत नाहीत, मध्ये एजंट लागतो. कस्टम ड्यूटी किमतीवरच नाही, भाडं आणि विमा धरून लागते, हे आधीच हिशेबात घ्या. शाफ्ट, म्हणजे स्टिकचे दांडे, तिकडे बहुधा हलके असतात, वजन विचारा. मऊ पोलाद वाकतं, म्हणून आल्यावर पात्यांचे कोन तपासून घ्या. आणि ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची स्टिक, घेताना तो गोल्फच्या नियमांत बसतो ना, हे नक्की बघा. पात्यावरून चेंडूच्या उसळीची ०.८३० ही मर्यादा ओलांडणारे ड्रायव्हरही तिथे उघड विकले जातात. ते स्पर्धेत चालत नाहीत.