शहाडच्या वाटेवरील युद्धस्मृति

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली गाडी पहिल्यांदा थांबते तें शहाड. जवळून उल्हास नदी वाहते. रेयॉनचा विस्तीर्ण कारखाना येथें आहे, आणि बिर्लांचें विठ्ठलमंदिर तर दूरवर प्रसिद्ध आहे. आषाढी-कार्तिकीस माणसांची रीघ लागते ती त्या विठ्ठलासाठीं. आम्हीही दर्शन घेतलें. परंतु तेवढ्यावर न परततां पुढें उल्हासनगरच्या वस्तींत शिरलों. रिक्षावाल्यापासून वाण्यापर्यंत जो तो पत्ता सांगतो तो 'कॅम्प नंबर एक', 'कॅम्प नंबर दोन' असा. छावणी उठून कित्येक तपें लोटलीं, तरी तिचें नांव लोकांच्या जिभेवर अजून नांदत आहे.

दुसऱ्या महायुद्धांत सरकारनें येथें सैन्याचा मोठा तळ वसविला होता. कल्याण कॅम्प तो हाच. मोहिमेच्या वाटेवरील पलटणींनीं येथें मुक्काम करावा व पुढें कूच करावें, अशी ती योजना. युद्ध संपलें, बराकी ओस पडल्या. आणि १९४७ सालीं फाळणी होतांच सिंधमधून घरदार टाकून निघालेलीं कुटुंबें त्यांच बराकींत उतरलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली व छावणीचें उल्हासनगर झालें. ज्या भिंतींनीं आधीं दूरदेशीं निघालेला शिपाई पाहिला, त्याच भिंतींनीं पुढें निर्वासित मातेला आसरा दिला.

आज त्यांतील बहुतेक भिंती पडल्या असून त्या जागीं मजल्यांवर मजले चढले आहेत. आम्ही चाललों त्या वाटेवर हा इतिहास सांगणारा एखादा दगडही आमच्या दृष्टीस पडला नाहीं. मनांत आलें, येथें स्मारक व्हावें तर तें कसें असावें?

नांवांची शिला ही एक रीत झाली. पुण्याजवळ खडकीच्या युद्धदफनभूमींत दुसऱ्या महायुद्धांतील सोळाशेंहून अधिक सैनिकांच्या थडग्यांच्या रांगा आहेत. फ्रान्समध्यें न्यूव्ह शापेल येथें ४,७०० हून अधिक भारतीय वीरांचीं नांवें कोरलेलीं आहेत. अशा ठिकाणीं मस्तक आपोआप नम्र होतें. परंतु तो शिपाई रात्रीं कोठें निजला, घरच्या पत्राची वाट कशी पाहात होता, हें नांवावरून कळत नाहीं. तें सांगावें कलावंतानेंच. भवभूतीच्या उत्तररामचरिताचा पहिला अंक वाचकांस आठवत असेल. स्वतः भोगलेलेंच दुःख, पण चित्रांत पाहतांच सीता पुन्हां व्याकुळ होते व रामाला तिला सांगावें लागतें, कीं हें केवळ चित्र आहे. जें तेरा वेळां ऐकून मनाला शिवत नाहीं, तें एकदां पाहिल्यानें शिवतें.

पाश्चात्त्य देशांत हें ओळखून कलावंताला स्मारकापाशींच वास्तव्य करविण्याची चाल पडली आहे. बेल्जममधील ईपर येथें १९१४ व १९१५ सालीं आपल्या हिंदी पलटणीही लढल्या. तेथील युद्धसंग्रहालय चित्रकारांना, संगीतकारांना बोलावितें. ते तेथें राहतात, कागदपत्रें चाळतात, शेतांतून हिंडतात आणि मग आपली कृति निर्माण करितात. स्टॅन्ली स्पेन्सर हा इंग्रज चित्रकार स्वतः पहिल्या महायुद्धांत रुग्णपरिचारक व सैनिक होता. बर्गक्लेअर गांवच्या स्मारकमंदिराच्या भिंती रंगविण्यांत त्याचीं १९२७ ते १९३२ हीं वर्षें गेलीं. त्यानें तोफा-तलवारी रंगविल्या नाहींत. फरशी घासणारे, अंथरूण घालणारे, पाण्याच्या बाटल्या भरणारे शिपाई रंगविले. कैथे कोल्विट्स या जर्मन शिल्पकर्त्रीचा पुत्र पेटर १९१४ च्या ऑक्टोबरांत बेल्जममध्यें पडला. त्या दुःखाची मूर्ति घडवावयास तिला सतरा-अठरा वर्षें लागलीं. गुडघे टेकून बसलेले माता-पिता, एवढेंच तें शिल्प. त्यांत शत्रु कोण नि मित्र कोण, हा प्रश्नच उरत नाहीं.

ही कल्पना परकी म्हणून नाकारण्याचें कारण नाहीं. आपले वीरगळ दुसरें काय आहेत? बोरिवलीजवळ एक्सर येथील वीरगळांवर आरमारी लढाई कोरलेली आहे. वल्हीं मारणारे खलाशीसुद्धां त्या अनामिक पाथरवटाच्या नजरेंतून सुटले नाहींत. शहाडपासून थोड्याच अंतरावर कल्याणचा दुर्गाडी किल्ला आहे. शिवछत्रपतींच्या आरमाराचा पाया ज्या खाडीवर घातला गेला, तेथेंच नौदलाच्या सेवेंतून निवृत्त झालेली टी-८० ही युद्धनौका आणिली गेली. स्तुत्य गोष्ट आहे. परंतु नौका पाहून मुलें लोखंडाची जाडी विचारतील. तिच्यावर जागलेल्या माणसांविषयीं त्यांना कोण सांगणार?

म्हणून आमची सूचना साधी आहे. नगरपालिकांनीं व शाळांनीं मिळून एखाद्या तरुण चित्रकारास किंवा शिल्पकारास सहा महिने शहाड-उल्हासनगरास राहूं द्यावें. राहावयास एक खोली व दोन वेळचें अन्न, याहून फारसा खर्च नाहीं. त्यानें उरल्यासुरल्या बराकी रेखाटाव्या, वृद्धांच्या ओट्यावर बसावें, त्यांची भाषा ऐकावी. उत्सवाच्या घाईंत त्याजकडून पुतळा मात्र मागूं नये.

विलंबास अवसर थोडा आहे. १९४७ सालीं दहा वर्षांचें असलेलें मूल आज नव्वदीच्या घरांत आहे. भिंत पडली तर तिचें छायाचित्र तरी सांपडेल. पण त्या भिंतीआड पहिली रात्र कशी काढिली, हें सांगणारें माणूस गेलें म्हणजे तें ज्ञान कोणत्याही दप्तरांत शोधून मिळावयाचें नाहीं.