सुंभाचा पीळ

गेल्या वर्षी आम्ही वेंगुर्ल्याला समुद्राकाठी आठ दिवसांसाठी घर घेतले. स्वयंपाक आपला आपण करायचा आणि सकाळी काथ्याचा सुंभ वळायला शिकायचे, अशी तिथली रीत. मी खूश. ही म्हणाली, "म्हणजे सुटी तुमची, चूल माझीच की!" मी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवतात, मग बडवून काथ्या मोकळा करतात. शिकवणाऱ्या बाई म्हणत, दोन पेड एका दिशेने पिळायचे आणि एकमेकांभोवती उलट्या दिशेने गुंडाळायचे. त्या ओढाताणीमुळेच सुंभ उलगडत नाही. (संसाराचे शास्त्र निराळे काय असते!) माझ्या तळहातांना फोड आले, सुंभ काही होईना.

तिसऱ्या दिवशी बाजारातून येताना ही डोकावली. माझ्या हातचा काथ्या घेऊन तिने तळव्यांत घोळवला मात्र, पाहता पाहता हातभर सुंभ!

"आजोळी वळायचे मी. आजीजवळ बसून."

तीस वर्षांत तिने हे सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

"तू बस," म्हणालो आणि माशांची पिशवी उचलली. बांगडे साफ कसे करतात, हे मात्र शेजारी विचारावे लागले.