मुसाफिर बी : कागदी बाहुलीची जिल्हाभर सफर

वाशीम जिल्ह्यात सहा तालुके आहेत. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड आणि मानोरा. चौथीतले मूल ही नावे एका दमात म्हणून दाखवते. पण त्यालाच विचारा, "रिसोडला तुझे कोण राहतात?" मूल गप्प बसते. "कोणीतरी राहतात, अब्बांना माहीत आहे," असे उत्तर मिळते. शिक्षिका म्हणून हा अनुभव मी अनेक वर्गांत घेतला आहे. नकाशा पाठ आहे, पण नकाशावर आपली माणसे नाहीत.

आपल्या घरांत नातेवाईक काही दूर नसतात. फुफी पुढच्या तालुक्यात, मामू त्याच्या पुढच्या. पूर्वी मुले सुट्टीत महिना महिना तिथे राहत. आता लग्नात भेट होते, जेवण होते, फोटो निघतो आणि संध्याकाळच्या आत गाडी परत. मोबाइलवर रोज सलाम येतो-जातो, पण खालाच्या दारासमोर कडुनिंब आहे की भिंत, हे मुलांना ठाऊक नसते.

ही तक्रार करून थांबण्यापेक्षा मागच्या वर्षी आम्ही घरातच एक प्रयोग केला. त्याची कल्पना आमची नाही. जेफ ब्राउन या अमेरिकन लेखकाने 1964 साली मुलांसाठी एक पुस्तक लिहिले. त्यातला स्टॅन्ली नावाचा मुलगा अंगावर फळा पडून कागदासारखा चपटा होतो आणि आई-वडील त्याला लिफाफ्यात घालून मित्राकडे टपालाने पाठवतात. 1995 मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांतातले एक शिक्षक, डेल ह्यूबर्ट, यांनी त्यावरून शाळेसाठी उपक्रम काढला. मुलांनी कागदी बाहुला कापायचा, दुसऱ्या गावी पाठवायचा आणि तिथल्या लोकांनी त्याच्या मुक्कामाची हकीकत लिहून कळवायची. हा उपक्रम पुढे अनेक देशांतल्या शाळांत पोहोचला. मला वाटले, अनोळखी शाळांच्या आधी आपल्या नात्यातल्या घरांकडेच ही बाहुली का पाठवू नये?

माझी भाची कारंज्याला राहते. चौथीत, मराठी माध्यमात. तिने जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची वीतभर बाहुली कापली. हिरवा कुर्ता, पांढरी ओढणी, हातात पिशवी. नाव ठेवले 'मुसाफिर बी'.

चेहऱ्याचा प्रश्न

पहिला प्रश्न निघाला तो घरातच. भाचीच्या दादी म्हणाल्या, "बेटा, चेहरा मत बना." अनेक घरांत चित्राबद्दल ही काळजी असते आणि तिला हसण्याचे कारण नाही. लहान मुलींच्या बाहुल्यांबद्दल मात्र हदीसमध्ये स्पष्ट उल्लेख आहे. हजरत आयेशा (रजि.) लहानपणी मैत्रिणींसोबत बाहुल्यांशी खेळत आणि प्रेषितांनी (स.) त्यांना कधी रोखले नाही, असे बुखारीत आहे. त्यांच्या खेळण्यांत पंख असलेला एक घोडाही होता. "घोड्याला पंख?" असे प्रेषितांनी विचारल्यावर त्यांनी हजरत सुलेमान (अलै.) यांच्या पंखवाल्या घोड्यांचा दाखला दिला आणि प्रेषित हसले, ही हकीकत अबू दाऊदमध्ये आहे. मी हे सांगितले तेव्हा दादीही हसल्या. तरी भाचीने दादींचा मान राखून चेहरा कोराच ठेवला. बाहुलीला त्याने काही कमी पडले नाही.

पत्ते कोणी सांगितले

मग पत्ते लिहायचे होते. माझ्या बहिणीच्या मोबाइलमध्ये सगळ्यांचे नंबर होते, पत्ता एकाचाही नव्हता. पत्ते दादींना तोंडपाठ होते. त्या बाजेवर बसून सांगत गेल्या : मंगरूळपीरला फुफी, वाशीमला खाला (म्हणजे मी), मालेगावला मामू. शेवटी थोडे थांबून म्हणाल्या, "और रिसोड. तेरे चाचा."

त्या घराशी सात वर्षे बोलणे बंद होते. भाचीचे दादा वारले, त्यानंतर घर आणि जमिनीच्या वाटणीवरून दोन भावांत बिनसले. ईदला जाणे-येणे थांबले. भाचीला चाचा आठवतही नव्हते. तिचे अब्बा तिथेच बसले होते. ते हो म्हणाले नाहीत, नको असेही म्हणाले नाहीत. भाचीने पत्ता लिहून घेतला.

पत्ते लिहिताना ती पिन कोडही शिकली. ही पद्धत आपल्या देशात 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली आणि तिच्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याचे डोके होते. ते संस्कृतचे विद्वानही होते. कारंजा 444105, मंगरूळपीर 444403, वाशीम 444505, मालेगाव 444503, रिसोड 444506. पहिले तीन आकडे सगळीकडे सारखेच. भाचीने विचारले, "म्हणजे आपण सगळे एकाच घरचे?" टपाल खात्याच्या हिशेबाने तरी तसेच!

लिफाफ्यात बाहुलीबरोबर एक चिठ्ठी होती. प्रत्येक घराने चार गोष्टी लिहायच्या : तुमच्या दारातून काय दिसते, आज काय शिजले, तुम्ही माझे कोण, आणि मला एक प्रश्न. चिठ्ठी कारंज्याला पाठवायची आणि बाहुली पुढच्या पत्त्यावर.

कारंजा ते मंगरूळपीर

निघण्याआधी भाचीने आपल्या गावाबद्दल लिहिले. कारंजा हे जुने व्यापारी गाव. जुन्या गावाला तट आणि वेशी. जुन्या कागदांत त्याला 'कारंजा बीबी' म्हटलेले सापडते. श्री नृसिंह सरस्वती यांचे जन्मस्थान म्हणून गुरुमंदिरात दुरून लोक येतात आणि जैन मंदिरांतल्या जुन्या हस्तलिखितांसाठी अभ्यासक येतात. आणि आपल्या सगळ्यांच्या आठवणीतली शकुंतला! मुर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी ही अरुंद रुळांची गाडी इंग्रजांच्या काळात खासगी कंपनीने घातली. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत होती. आता ती बंद आहे. भाचीने फक्त रूळ पाहिले आहेत, गाडी नाही.

फुफीची चिठ्ठी आठ दिवसांत आली. मंगरूळला 'पीर' जोडले गेले ते हजरत दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे. त्याच गावात बिरबलनाथ महाराजांचे मंदिर आहे. उरूस असो की यात्रा, पाळणे आणि खेळण्यांची दुकाने लागतात आणि मुले दोन्हीकडे सारख्याच हट्टाने जातात, असे फुफीने लिहिले. शिजले होते तुरीचे वरण, भाकरी आणि ठेचा. प्रश्न होता : "तुझ्या अब्बांना लहानपणी कोणती भाजी आवडत नव्हती?" भाचीला तो शोध घ्यावा लागला. उत्तर : कारले. आजही.

वाशीमचा मुक्काम

माझ्याकडे बाहुली चार दिवस होती. माझ्या दारातून शेजारची गच्ची आणि थोडेसे आभाळ दिसते, तेवढ्याने चिठ्ठी भरेना. म्हणून तिला पिशवीत घालून शाळेत नेले आणि येताना गावातून फिरवले. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यात आहे. इंग्रजांच्या काळात 'बासिम' हा स्वतंत्र जिल्हा होता. 1905 मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा वेगळा झाला. माझे शालेय दाखले म्हणूनच अकोला जिल्ह्याचे आहेत आणि भाचीचे वाशीमचे, गाव मात्र तेच! रेल्वेचेही तसेच. पूर्णा-अकोला ही छोट्या मापाची लाइन 2008 मध्ये मोठी झाली, तेव्हापासून लांबच्या गाड्या येथून जाऊ लागल्या.

बालाजी मंदिर आणि पद्मतीर्थावरून घरी आलो. मी भाचीला लिहिले, "मी तुझी खाला. खाला म्हणजे आईची बहीण. मराठीत मावशी." माझा प्रश्न होता : "वाशीम जिल्ह्यात पडलेला पाऊस कोणत्या समुद्राला मिळतो?" याचे उत्तर दोन्ही. काटेपूर्णा उत्तरेकडे वाहत पूर्णेला आणि तापीमार्गे अरबी समुद्राला मिळते. पैनगंगेचे पाणी वर्धा आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. एकाच माळावरचे पाणी, वाटा दोन. नकाशा काढून तिने ते स्वतः शोधले.

मालेगाव आणि रिसोड

मालेगावच्या मामूंच्या दारातून सोयाबीनचे शेत दिसते. त्यांनी चिठ्ठीला सोयाबीनच्या दोन शेंगा चिकटवल्या आणि जवळच्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या जैन मंदिराबद्दल चार ओळी लिहिल्या. पण बाहुली पुढे पाठवण्याआधी त्यांचा मला फोन आला. "आपा, रिसोडला पाठवू का? उगाच काही वाढायला नको." मी म्हटले, "पत्ता दादींनी सांगितला आहे. पाठव."

मग दीड महिना काहीच नाही. भाची रोज पोस्टमन काकांची वाट पाही. तिचे अब्बा एकदाच म्हणाले, "हरवली असेल. दुसरी कर." तिने दुसरी केली नाही.

लिफाफा आला तो मोठा, जाड. आत मुसाफिर बी होती. तिच्या पांढऱ्या कागदी ओढणीवर खऱ्या कापडाची, बारीक गोटा लावलेली ओढणी चिकटवली होती, ती चाचीने. आणि दोन पाने चिठ्ठी, उर्दूत. भाचीला उर्दू वाचता येत नाही. माझी बहीण वाचू शकली असती. तिने लेकीला एवढेच सांगितले, "अब्बांकडे ने."

सात वर्षे ज्याचा आवाज ऐकला नव्हता, त्या भावाचे पत्र भावाला मोठ्याने वाचावे लागले. बाजेवर दादी ऐकत होत्या. दारातून काय दिसते : बसस्टँडकडे जाणारा रस्ता. काय शिजले : दालचा, दादींसारखा जमला नाही. मी तुझा कोण : तुझ्या अब्बांचा धाकटा भाऊ. मग शकुंतलेची गोष्ट. दादा दोघा मुलांना घेऊन मुर्तिजापूरला निघाले होते, फलाटावर उतरताना गर्दीत धाकट्याची टोपी पडली आणि थोरला ती शोधायला परत गेला. प्रश्न होता : "अब्बांना विचार, त्यांना आठवते का?"

अब्बा वाचता वाचता थांबले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "लिही. आठवते. पण टोपी नव्हती, चप्पल होती."

हे सारे मला बहिणीने फोनवर सांगितले. पुढे काय झाले, तेही सांगते. वाटणीचा प्रश्न सुटलेला नाही. कागदाच्या बाहुलीने वाटणी होत नसते, त्यासाठी तलाठी लागतो, चार शहाणी माणसे लागतात आणि बहिणींचा हक्कही द्यावा लागतो. पण टोपी की चप्पल, हा वाद तीन पत्रे चालला. चौथ्या वेळी फोन आला, तो थेट दादींसाठी. उन्हाळ्यात भाची आठ दिवस रिसोडला राहून आली. न्यायला चाचा स्वतः कारंज्याच्या बसस्टँडवर आले आणि सोडायला अब्बा. दोघे चहा प्यायले. किती वेळ, ते कोणी मोजले नाही.

आपण सिलारहमीवर व्याख्याने ऐकतो. जो तोडतो त्याच्याशीही जोडावे, ही शिकवण आपल्याला माहीत आहे. अडचण पहिल्या पावलाची असते. मोठ्यांना त्यात कमीपणा वाटतो. मुलाच्या बाहुलीला मात्र कोणी दारातून परत पाठवत नाही.

तुम्हीही करून पाहा

- बाहुली वीतभर आणि पातळ पुठ्ठ्याची असावी, म्हणजे साध्या लिफाफ्यात मावते आणि टपालखर्च थोडक्यात भागतो.
- पत्ता मुलाने स्वतः लिहावा, पिन कोडसह. पत्ते घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारावेत.
- प्रश्न थोडे आणि सोपे ठेवा. "तुम्ही माझे कोण?" हा प्रश्न मात्र गाळू नका.
- चिठ्ठी ज्याला ज्या लिपीत येईल त्या लिपीत लिहू द्या. मुलाला वाचता आली नाही तर घरातले कोणी वाचून दाखवेल. तेवढा वेळ सगळे एकत्र बसतील.
- ज्या घराशी बोलणे बंद आहे, त्याचा पत्ता यादीत असू द्या. शेवटी असला तरी चालेल.
- उत्तर उशिरा आले तर दुसरी बाहुली करू नका. वाट पाहा.

मुसाफिर बी सध्या मानोऱ्याला आहे, दादींच्या मामेबहिणीकडे. पोहरादेवीच्या यात्रेत तिला नेणार असल्याचा निरोप आला आहे. त्यानंतर भिवंडी, मग रियाध. पत्त्यांची यादी आता दोन पाने झाली आहे आणि नवे पत्ते भाचीचे अब्बा सांगतात.